पाच नंबरचा ओटा

एकदा एक माणूस डोंगरावर तंबू ठोकून बसला आणि चार वर्षे झाली तरी तिथून उठलाच नाही. देहाने तो उठला होता, हे मान्य. कराडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होता, वेळेवर जेवत होता, लग्नकार्यांना हजेरी लावत होता. परंतु माणूस दिसतो तिथेच असतो असे समजणे हा आपला एक भाबडेपणा आहे. श्रीरंगचे चित्त सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका राष्ट्रीय उद्यानात, पाच नंबरच्या ओट्यावर अडकून पडले होते.

तिथे मुक्कामाला येणाऱ्यांसाठी पठारावर मातीचे सात ओटे घातलेले आहेत. तंबू ओट्यावरच ठोकायचा, चूल नेमल्या जागीच पेटवायची आणि पाणी उत्तरेकडच्या कातळातल्या टाक्यावरून आणायचे, असा रिवाज. पठाराच्या दक्षिणेला, पाच नंबरच्या ओट्यापलीकडे दीडशे पावलांवर, कडा आहे. या साऱ्याची राखण करणारा वृद्ध म्हणजे झोरेमामा. जातीचा धनगर, अक्षरशत्रू, आणि स्वभावाने असा की कुणी दोनदा विचारल्याशिवाय एकदाही बोलायचा नाही.

श्रीरंग आणि त्याचा मित्र जयवंत अठराव्या वर्षी पहिल्यांदा इथे आले, तेव्हा त्यांचा तंबू वाऱ्याने पहिल्याच तासात झोपवला होता. मामा हसला नाही. त्याने खुंट्या उपटून पुन्हा ठोकायला लावल्या, दहा वेळा. त्या दिवसापासून ते दोघे त्याचे शिष्य झाले. गवत कोणत्या अंगाला कलते त्यावरून वारा ओळखणे, कोणते लाकूड धूर करत नाही, हे सारे त्यांनी त्याच्यापाशी शिकून घेतले. त्यातला एक धडा धुक्याचा होता. इथले धुके भिंतीसारखे येते. अशा वेळी एकजण पाण्याला गेला, की दुसऱ्याने तंबूबाहेर उभे राहून हाका घालत राहायचे आणि गेलेल्याने ओ देत यायचे. स्वतः मामा आपल्या खोपीपुढे टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा लोखंडी कांबीने ठोकत बसायचा, म्हणजे पठारावर कुणी असेल त्याला दिशा कळावी.

चार वर्षांपूर्वी, पावसाळा सरून उद्यान उघडले त्याच आठवड्यात, जयवंत तिन्हीसांजेला पाण्याला गेला तो परतलाच नाही. सकाळी तो कड्याखाली सापडला. धुक्यात वाट चुकला, असे श्रीरंगने सांगितले आणि तसेच कागदावर लिहिले गेले.

गावाची जीभ मात्र कागदावर थांबत नाही. प्यायला असेल, कुणी म्हणाले. कड्यावर फोटो काढायला गेला असेल, कुणी म्हणाले. जयवंतची आई, सुमतीकाकू, येईल त्याला एकच विचारायची, "वीस वर्षं त्याच वाटेनं पाणी आणणारा माझा मुलगा त्या दिवशी उलट्या दिशेला का गेला?" याचे उत्तर कुणापाशी नव्हते. एकाच माणसापाशी होते, आणि तो तिच्या घराकडे फिरकत नव्हता. दरवर्षी श्राद्धाच्या आधी चिठ्ठीवर तिचा निरोप यायचा, 'रंगा, येऊन जा.' यंदाही आला होता. यंदा निरोप आणणाऱ्याने आणखी एक सांगितले होते: काकू फार थकल्या आहेत, अंथरुणावरून उठतात एवढेच.

श्रीरंग निरोप घडी करून खिशात ठेवी आणि डोंगरावर निघून जाई. पाच नंबरवर तंबू ठोकी, चार दिवस त्याच्या तोंडाशी बसून राही आणि परत येई. लोकांना वाटे, केवढी ही मैत्री! मला विचाराल तर, काही वेळा निष्ठा आणि पळपुटेपणा एकाच तंबूत राहतात.

कारण जे त्याने कुणालाच सांगितले नव्हते, ते असे. त्या संध्याकाळी जयवंत टाक्याकडे गेल्यावर पाच नंबरच्या ओट्याखालून पाणी पाझरू लागले. अंथरुणे भिजू लागली. श्रीरंगने भराभर खुंट्या उपटल्या आणि तंबू दोन नंबरच्या ओट्यावर, चाळीसएक पावले अलीकडे, नेऊन उभा केला. धुके दाटले होते. बाहेर उभे राहून हाका घालायला हव्या होत्या. पण हात गारठले होते, कपडे ओले होते. येईलच आता, शोधेल, असे म्हणून तो तंबूत शिरला, चेन ओढून घेतली आणि पडून राहिला. जयवंत परतला तो पाच नंबरवर. तिथे काहीच नव्हते.

यंदा श्रीरंग वर आला तेव्हा मामाने नेहमीप्रमाणे विचारले, "आलास व्हय?" आणि नेहमीप्रमाणे पाच नंबरकडे बोट केले. दोन दिवस मळभ होते. पठारावर दुसरे कुणी आलेले नव्हते. श्रीरंग तंबूच्या तोंडाशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि मामा लांबून त्याच्याकडे पाहत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास दरीतून धुके वर येऊ लागले. श्रीरंगने दोन्ही कॅन उचलले. टाक्याची वाट त्याच्या पायांना पाठ होती. पाणी भरून तो परतला तेव्हा हातभर अंतरावरचे दिसत नव्हते, तरी तो बरोबर पाच नंबरच्या ओट्यावर आला.

तंबू नव्हता.

आधी त्याला वाटले, आपण ओटा चुकलो. वाकून त्याने ओट्याच्या कडेला रोवलेल्या फळीवरचा आकडा बोटांनी चाचपला. पाच. त्याने माती चाचपली. खुंट्यांची भोके ताजी होती. "मामा!" त्याने हाक मारली. उत्तर आले नाही. रुळाचा आवाजही नव्हता. "मामा! अहो मामा, कुठं आहात?" आवाज धुक्यात गेला आणि तिथेच मुरला.

अशा वेळी माणसाने काय करावे? बसून राहावे. श्रीरंग हे जाणत होता; चार वर्षे तो मनातल्या मनात जयवंतला हेच बजावत आला होता. वेड्या, जागेवर बसला का नाहीस? पण आता त्याचे स्वतःचे पाय ऐकेनात. तंबू इथे नाही, त्याअर्थी पुढे असणार. थोडा पुढे. आणखी चार पावले. आपले माणूस आपल्याला सोडून जाणार नाही, ते इथेच कुठेतरी असणार, ही खात्रीच त्याला पुढे ढकलत होती. कॅन हातातून कधी गळाले ते त्याला कळले नाही. पायाखाली गवत संपून खडक लागला. समोरून गार वारा येऊ लागला.

मागून एका हाताने त्याची कॉलर घट्ट धरली.

"बास," झोरेमामा म्हणाला. "कडा अजून वीस पावलं हाय. पर बास."

श्रीरंग मटकन खाली बसला. मामा पहिल्या पावलापासून त्याच्या पावलांच्या आवाजावर कान ठेवून अगदी मागोमाग चालत होता, आणि तोंडातून अक्षर काढत नव्हता.

मामाने त्याला दंडाला धरून दोन नंबरच्या ओट्यावर आणले. तंबू तिथे उभा होता. चूल पेटलेली होती, चहा उकळत होता. श्रीरंगच्या अंगात आता राग आला.

"मामा, माझा जीव गेला असता! असली थट्टा करतात? तुम्ही? तुम्हाला माहीत आहे इथं काय झालं ते, आणि तरी तुम्ही—"

"मला ठावं हाय, म्हणूनच," मामा म्हणाला. त्याने चहा पुढे केला. श्रीरंगने घेतला नाही, तेव्हा त्याने तो चुलीशी ठेवला. "त्या सकाळी समद्यांच्या आधी म्या पाच नंबरवर गेलतो. वल्ल्या मातीत खुंट्यांची भोकं व्हती, पाण्यानं भरल्याली. गवत चौकोनी दबल्यालं. आन तंबू दोन नंबरवर. म्या काय येडा हाय?"

चार वर्षे जे श्रीरंगने उराशी दडवून ठेवले होते, ते या म्हाताऱ्याने पहिल्याच सकाळी मातीत वाचले होते.

"मग बोलला का नाहीत?"

"ती भोकं म्या पायानं बुजवली. वाटलं, पोरगं आज ना उद्या सोताच्या तोंडानं सांगंल. येक वरीस गेलं. दोन गेली. तू येतोस, बसतोस, जातोस." मामाने चुलीत एक ढलपी सारली. "माझंबी हाय की रं त्यात. त्या सांजंला म्या रूळ वाजवला न्हाई. दोघंच हायत, जाणती हायत, म्हनून खोपीत बसून ऱ्हायलो. त्येच्या बाराव्याला कराडला जाऊन त्या माऊलीला म्या माझ्या वाट्याचं सांगून आलो. तिनं तांब्याभर पानी दिलं. तुझ्या वाट्याचं मातूर सांगितलं न्हाई. ते माझं नव्हं."

मग श्रीरंगच्या तोंडून शब्द बाहेर पडू लागले, आधी तुटक, मग थांबेनात.

"मामा, मला हाक ऐकू आली होती. एकदा. मी झोपलो नव्हतो. 'रंगा' म्हणाला तो. मी आतूनच पुटपुटलो, 'ये, ये.' वाटलं, जवळच आहे. बाहेर कोण जाईल थंडीत! चेन उघडली नाही मी, मामा. एवढीशी चेन!"

तो तोंड झाकून रडला. चार वर्षांत पहिल्यांदाच रडला. मामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, उगी उगी म्हटले नाही. रडणे ओसरू दिले आणि मग बोलला. इतके सलग तो आयुष्यात क्वचितच बोलला असेल.

"आईक. तंबू हालवलास, ह्यो दोष न्हाई. पानी शिरलं, हालवायचाच. मानूसबी असाच हालतो, जागा सोडतो. पर हालल्यावर मागच्याला हाक घालाया नगं? तू घातली न्हाईस, त्यो तुझा दोष. त्यो म्या पुसनार न्हाई आन देवबी पुसनार न्हाई. पर आता चार वर्सं तू काय करतोस? तंबू पाच नंबरवर रोवून बसतोस. ज्येला सापडायचा त्यो गेला. आन जी धुक्यात फिरतीया, हितं न्हाई तितं न्हाई, माझा ल्योक उलटा का गेला म्हनून इचारतीया, तिला तू ओ देतोस का? तिच्या हाका तर दरसाल येत्यात. तू अजून आतच हायस, रंगा. चेन लावून."

खिशातल्या निरोपाच्या घडीवर श्रीरंगचा हात गेला. मामा उठला, खोपीपाशी गेला, आणि धुके विरेपर्यंत रूळ ठोकत राहिला. पठारावर त्यांच्याखेरीज कुणी नव्हते, तरी ठोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंगने तंबू उतरवला. खुंट्यांची भोके मातीने भरली, आधी दोन नंबरची, मग पाच नंबरची. निघताना तो मामाच्या पाया पडला. मामा म्हणाला, "तिनं शिव्या घातल्या तर खाऊन घे. न्हाई घातल्या, तर ते जड जाईल." याखेरीज आशीर्वाद असा त्याने काही दिला नाही.

दुपारी बाराच्या उन्हात श्रीरंग सुमतीकाकूच्या फाटकाशी उभा राहिला. दार उघडेच होते. आत अंधार दिसत होता. परत फिरावे असे त्याला वाटले, आणि ते किती सोपे आहे हेही जाणवले. मग त्याने फाटकातूनच, शेजारपाजारच्या खिडक्या उघडतील इतक्या मोठ्याने हाक मारली.

"काकू! मी रंगा!"

आतून लगेच ओ आली. भिंतीला धरत धरत ती दारात आली. फार वाळली होती. "ये," म्हणाली. तो आत गेला नाही. पायरीवर उभे राहूनच त्याने सारे सांगितले: पाझरलेले पाणी, दोन नंबरचा ओटा, लावलेली चेन, ऐकू आलेली हाक. काही गाळले नाही, स्वतःच्या बाजूने एक शब्द घातला नाही. ती चौकटीला टेकून ऐकत होती. त्याचे बोलणे संपले तेव्हा तिने एवढेच विचारले, "पाच नंबरपर्यंत तो आला होता, नक्की?"

"हो काकू. हाक तिथूनच आली होती. तो बरोबर आला होता."

"म्हणजे माझा जयवंत वाट चुकला नव्हता," ती म्हणाली.

तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. क्षमाही केली नाही. ती आत गेली, आणि बऱ्याच वेळाने आतून तिचे रडणे ऐकू येऊ लागले. श्रीरंग पायरीवर बसला. उठून जावे असे त्याला वाटले नाही. तिने हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर तो संध्याकाळपर्यंत बसून होता.