आडवं गंध, उभं गंध

आवळगावच्या पाटलांकडे भंडारा होता. पानं वाढून झाली, माणसं बसली, आणि पाहुणे म्हणून आलेले केवळानंद महाराज कडाडले, "उभ्या गंधाचे आणि आडव्या गंधाचे एका पंगतीत? त्या आडव्या पंथाच्या लोकांना उठवा, नाहीतर मी उपाशी निघालो!"

पाटील गडबडले. महाराज उपाशी गेले तर घराण्याची शोभा होणार, आणि भरल्या पानावरून माणसं उठवली तर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

तेवढ्यात पाटलीण सारजाबाई महाराजांच्या दक्षिणेचं तबक घेऊन पुढे आल्या. त्या काळी प्रत्येक संस्थान आपापल्या शिक्क्याचा रुपया पाडायचं. बाईंनी एकेक रुपया उलटून पाहिला आणि निम्मे बाजूला काढले.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"यांच्यावर परक्या राज्याचा शिक्का आहे. आपल्याला कसे चालतील?"

"अहो बाई, शिक्का कुणाचा का असेना, आत चांदीच ना? टाका सगळे!"

बाईंनी सगळे रुपये तबकात ओतले आणि पंगतीकडे वळून म्हणाल्या, "कुणी उठू नका रे बाबांनो. कपाळावर शिक्का कुणाचा का असेना, आत माणूसच. महाराजांनीच आत्ता निकाल दिला."

महाराजांचा हात तबकावर होता. तो तसाच ठेवून ते पुटपुटले, "वरण येऊ द्या."