होकायंत्र आणि चष्म्याची डबी

यंत्रं आपसात बोलायची, तेव्हाची गोष्ट. एका मंगळवारी दिगंबर शेडमध्ये स्वतः बांधलेल्या छोट्या विमानाला रंग देत होता, आणि दवाखान्यातून निरोप आला की त्याची बायको कुमुद गेली.

तेराव्यानंतर त्याने तिची चष्म्याची डबी आणून विमानात होकायंत्राशेजारी ठेवली. त्या दिवसापासून होकायंत्र वीस अंश चुकू लागलं. दिगंबरने वायरी हलवून पाहिल्या, लोखंडी स्क्रू काढून पितळी बसवले. फरक पडेना. "आता हे बदलायलाच हवं," तो म्हणाला.

"काय आजोबा, उत्तर विसरलात?" रेडिओ होकायंत्राला हसला.

होकायंत्र डबीला हळूच म्हणालं, "ताई, तुझ्या झाकणात चुंबक आहे ना?"

"आहे."

"मग गप्प का बसलीस? उद्या हे उडाले आणि वाट चुकले तर?"

"मला इथून काढलं, तर त्यांच्याजवळ तिचं काय राहील?"

"लांब जा म्हणत नाही गं. मागच्या सीटवर बस. ती तिथेच बसणार होती ना?"

 दिगंबरने इंजिन सुरू करताच डबी थरथरत कडेपर्यंत सरकली आणि खाली पडली. होकायंत्राची तबकडी फिरून बरोबर उत्तरेला थांबली.

दिगंबर डबीकडे पाहत राहिला. "तू होतीस होय," म्हणाला, आणि तिला मागच्या सीटवर ठेवून त्याने पट्टा लावला.

मग विमान एकेका दिशेला वळवून, होकायंत्र आता किती चुकतं याचा तक्ता तो लिहू लागला. तीन दिशा झाल्या. पश्चिमेला वळल्यावर तो मागच्या सीटकडे पाहत बसला, आणि तो आकडा अजून लिहायचा राहिला आहे.