रंगू म्हणे

फार फार पूर्वी, राजे स्वतः अंगणात बसून गाणी ऐकत त्या काळी, एका नगरात रंगू आणि येसू नावाच्या दोघी मैत्रिणी होत्या. लोकांची अंगणं चोपून देणं हे त्यांचं काम. माती पसरायची, पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपण्यांनी ती ठोकून सपाट करायची. सगळ्या बायकांचे हात एका ठेक्यात पडावेत म्हणून त्या गाणी म्हणत, आणि ती गाणी रचत या दोघी.

एकदा ओल्या अंगणात कोंबडी शिरली. सकाळभराची मेहनत मातीत गेली. चिडायचं सोडून दोघींनी गाणं रचलं:

ओल्या अंगणात कोंबडी नाचली,
पायांची नक्षी काढून गेली.
हसू की रडू मी, सांगू गं कुणा?
रंगू म्हणे, येसू, चोप गं पुन्हा!

गाणं काही फार थोर नव्हतं. पण त्या वर्षी ते साऱ्या नगराच्या तोंडी बसलं.

दरबारातल्या गवयाने ते रस्त्यात ऐकलं आणि राजाला ऐकवून शाल मिळवली. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव घालायची त्या राज्यात रीत होती. या गृहस्थाने बिनदिक्कत रंगूचं नाव काढलं आणि तिथे आपलं घातलं. येसूचं तेवढं राहू दिलं, कारण ते चालीत बसत होतं! येसू नावाची कुणी जिवंत बाई असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. जीभ विटाळते.

त्याच वर्षी तापाने रंगू गेली. तिच्या मागे पोर नव्हतं, घर नव्हतं. उरली होती ती त्या ओळीतली दोन अक्षरं, आणि तीही या माणसाने खरवडून टाकली होती.

येसू त्याच्या दारी गेली. म्हणाली, "गवईबुवा, माझं नाव ऱ्हायलं काय नि गेलं काय. पर माझ्या रंगूचं तेवढं परत घाला."

गवई हसला. "एवढंसं गाणं, आणि केवढा हा कांगावा!"

ऐकलंत? श्रेय द्यायची वेळ आली की गाणं एवढंसं. मग दरबारात मिरवताना ते एवढंसं नव्हतं का? तिथे शाल पांघरताना लाज नाही वाटली?

पुढे राजकन्येचं लग्न ठरलं. वाड्यापुढे नवं अंगण चोपायला नगरातल्या बायका आल्या. राजा गवयाला घेऊन बघायला बसला आणि म्हणाला, "ते कोंबडीचं गाणं होऊ द्या."

बायका गाऊ लागल्या. शेवटच्या ओळीला मात्र सगळी चोपणी हवेतच थांबली. कुणी तोंड उघडेना. राजाने पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तिथेच सगळं गप्प.

"का थांबलात?" राजाने विचारलं.

"तितं माणूस व्हतं, म्हाराज," येसू म्हणाली. "तुमच्या गवयानं काढलं. मी येसू. मला 'चोप गं पुन्हा' म्हणणारी माझी रंगू व्हती."

राजा गवयाकडे वळला. "बुवा, तुम्ही हिच्यासोबत कधी अंगण चोपलंत?"

"मी?" गवई ताडकन उठला. "शिव शिव! मी या बायकांच्या ओळीत बसेन? हिला मी ओळखतसुद्धा नाही!"

बोलून गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की त्याच्या नावाच्या ओळीत तोच तर येसूला हाक मारत होता. तोवर सारं अंगण त्याच्याकडे बघत होतं.

राजाने त्याला शाल उतरवायला लावली. लग्नात, भरल्या मांडवात, त्याने खऱ्या नावानिशी ते गाणं म्हणावं असा हुकूम झाला. त्याने मान खाली घालून सुरुवात केली, पण शेवटच्या ओळीला त्याचा आवाज ऐकूच आला नाही. सारा मांडवच म्हणत होता, "रंगू म्हणे!" येसू तेवढी गप्प होती. ती रडत होती.

आजही तिकडे अंगण चोपताना ते गाणं म्हणतात. त्या गवयाचं नाव मात्र कुणाच्याच तोंडी येत नाही.

तात्पर्य: दुसऱ्याचं नाव पुसून तिथे आपलं लिहिणाऱ्याचं नाव शेवटी कुणीही घेत नाही.