नऊ फुलं आणि चाळीस घसे

त्या राज्यात सकाळ आपोआप होत नसे, ती गाऊन आणावी लागे. निदान तिथल्या पाखरांची तशी समजूत होती आणि ती मोडायला कोणी गेलं नाही. पहाटे राज्यातलं प्रत्येक पाखरू ओढ्याकाठच्या जुन्या नांद्रुकाच्या झाडावर येई, चोचीला चोच लागेल इतक्या दाटीत बसे आणि गाई. गाण्याआधी घसा खाकरायचा, अशी रीत होती. गवई जितका मोठा तितकं त्याचं खाकरणं लांबलचक. काहींचं खाकरणं तर गाण्यापेक्षा बरं असे, पण हे त्यांना सांगणार कोण?

एका वर्षी त्या राज्यात धुकं आलं. ते झाडांत नाही, घशांत शिरलं. ज्याच्या घशात ते बसे त्याला ताप येई, श्वास अपुरा पडे आणि आवाज आत कुठेतरी बुडून जाई. बरीचशी पाखरं चार दिवसांत उठून बसली. काही म्हातारी मात्र उठली नाहीत आणि त्यांच्या जागा नांद्रुकावर रिकाम्या दिसू लागल्या. 

मोर तिथला राजा. त्याने टिटवीला बंदोबस्तावर नेमलं. टिटवी कामाला वाघीण होती, डोळ्यात तेल घालून राखण करणारी, आणि तिच्या आवाजाबद्दल काही बोलायलाच नको. तिने साधा सरळ नियम काढला. जो खोकेल तो ओढ्यापलीकडच्या बाभळीवर जाईल आणि घसा स्वच्छ असल्याचं सिद्ध होईपर्यंत परत येणार नाही. सिद्ध कसं करायचं, हे नियमात नव्हतं. रोज पहाटे टिटवी फांदीफांदीवर फिरे आणि प्रत्येकाच्या तोंडाला तोंड लावून ओरडे, "आ कर. खोकला येतो? नाही? शाबास, बस खाली."

आता गंमत बघा. जे खरोखर आजारी होते ते शहाणे झाले. टिटवी दिसली की खोकला गिळायचा, वर घोटभर पाणी प्यायचं, झालं. सापडले कोण, तर गवई. बिचारे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने सूर लावण्याआधी खाकरत आणि थेट बाभळीवर जात. पंधरा दिवसांत कोकीळ गेला, दयाळ गेला, चंडोल गेला. नांद्रुकावर उरले कावळे, साळुंक्या आणि आपल्याला गाता येतं असा ज्यांचा गैरसमज होता ते सगळे. सकाळ तरीही होतच होती. पण ती कशीबशी होई, आणि धुकंही हटत नव्हतं.

बाभळीवर गेलेल्यांत एक बुलबुलबाई होती. मोठी गवई वगैरे काही नाही, घरापुरतं गाणारी. तिच्या करवंदीच्या जाळीतल्या घरट्यात तीन अंडी होती. त्या दिवशी घरट्यातून उठून ती घाईने नांद्रुकावर आली, सगळ्यांसारखी जराशी खाकरली आणि संपलं. तिचा नवरा तेव्हापासून अंड्यांवर बसून होता. रोज संध्याकाळी तो ओढ्यावरून ओरडून सांगे, "अजून नाही फुटली गं." ती इकडून ओरडे, "उजवीकडचं फिरव जरा, त्याला ऊब कमी मिळते."  अंडी फुटली की पुढे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. पिल्लं उघडी, गुलाबी आणि भुकेली असतात. एकटा बाप त्यांच्यावर बसणार की अळ्या आणायला जाणार? दोन्ही कामं एका जिवाला जमत नाहीत.

आता शिंजीरताईची गोष्ट. ही अंगठ्याएवढी, वाकड्या लांब चोचीची पक्षीण फुलांतला मध पिऊन जगे. धुकं आलं तेव्हा तिचा नवरा आधी पडला. तिने त्याला चोचीने पाणी पाजलं आणि तीच चोच घेऊन ती गोकर्णाच्या वेलीकडे गेली. निळ्याशार फुलाला चोच लागताच फूल गुलाबी झालं. तिला वाटलं, आपलेच डोळे फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तापात नसलेल्या शेजारणीच्या घशाला चोच लावून पाहिलं, तर फूल निळंच. धुक्याला आंबूस चव होती आणि आंबट लागलं की गोकर्ण रंग बदलतं, एवढं तिला कळलं. नवरा बरा झाला तेव्हा त्याच्या घशालाही फूल निळंच राहिलं. मग तिची खात्रीच पटली.

तिने टिटवीला सांगितलं. टिटवी म्हणाली, "फुलाला काय कळतंय? मी इतकी वर्षं तोंडं बघतेय." तिने राजाला सांगितलं. राजाला मात्र लगेच पटलं, इतकं पटलं की त्याने वेल स्वतःच्या आसनामागे घेतली आणि रोज सकाळी एक, संध्याकाळी एक अशी दोन फुलं स्वतःच्याच घशासाठी राखून ठेवली. रोज दोन्ही वेळा फूल निळं राही आणि रोज दोन्ही वेळा तो सुटकेचा निःश्वास सोडी. अशाने महिनाभरात वेल ओरबाडली गेली. शेवटी तिच्यावर अकरा फुलं उरली आणि पुढचा बहर पंधरा दिवसांवर होता.

पण मोराचंही एक दुखणं होतं. त्याला नाचायला सूर लागे. कावळ्यांच्या तालावर त्याने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्याचा पाय मुरगळला. शिंजीर पुन्हा आली तेव्हा तो वैतागून म्हणाला, "नऊ फुलं घेऊन जा. नऊ गवई सोडवून आण. आजची दोन माझी, त्यांना हात लावायचा नाही."

त्याने नऊ नावंही दिली. कोकीळ पहिला. बुलबुलबाईचं नाव नऊतच काय, नव्वदांतही आलं नसतं.

शिंजीर फुलं घेऊन बाभळीवर उतरली तेव्हा तिथे एकोणचाळीस पाखरं तिच्या तोंडाकडे पाहत होती. त्याच वेळी पलीकडून बुलबुलाचा नवरा ओरडला, "अगं, आतून टकटक ऐकू येतेय."  बुलबुलबाईने फांदी घट्ट धरली. शिंजीरला ते पाहवलं नाही. ती तोंड फिरवून फुलांकडे बघत बसली.

बाभळीच्या टोकाला गायबगळा बसला होता. दिवसभर गुरांच्या पाठीवर बसणाऱ्या बगळोबाला राज्यात कोणी विचारत नसे. तो खाकरल्यामुळे आला नव्हता. घशात गवताचं कुसळ अडकून त्याला एकदा खोकला आला होता, तेवढंच. तो सावकाश म्हणाला, "शिंजीरताई, गोठ्यात मी रोज बघतो. आठ घरांचं दूध एका घागरीत ओततात. एकाचं जरी आंबलेलं असलं तरी घागर नासते."

"मग?"

"मग घागर नासली नाही, तर?"

शिंजीर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने जे केलं ते त्या राज्यात कोणी केलं नव्हतं. तिने पळसाचं पान मुडपून द्रोण केला आणि म्हणाली, "आठ-आठ जण ओळीने बसा. प्रत्येकाने एकेक थेंब थुंका. लाजू नका, रोज तोंडाला तोंड लावून गाता तेव्हा कुठे लाजता?"

बाभळीवर एकच हशा पिकला. कित्येक दिवसांत तिथे कोणी हसलं नव्हतं. ओळी लागल्या, पण शेवटच्या ओळीत सातच भरले. टिटवी देखरेखीला येऊन बसलीच होती. बगळोबा म्हणाला, "टिटवीबाई, तुम्ही बसता का? जागा मोकळी आहे."

"बसते की. मला काय धाड भरलीय?" टिटवी म्हणाली आणि बुलबुलबाईच्या शेजारी टेचात बसून तिने थेंब दिला. तिला ती सगळी भानगड एकदाची खोटी ठरवायची होती.

पहिला द्रोण. शिंजीरने चोच बुडवून फुलाला लावली. फूल निळं. आठ पाखरं एकदम उडाली, एकमेकांवर आपटली, ओढा ओलांडून गेली. दुसरं निळं. तिसरं निळं. चौथं निळं. बत्तीस पाखरं नांद्रुकाकडे निघाली तेव्हा ओढ्यावर क्षणभर सावली पडली. कोकीळ वाटेतच गायला लागला, त्याला दम धरवेना.

पाचवं फूल मात्र कडेपासून गुलाबी होत गेलं.

या आठांपैकी कोणाच्या तरी घशात धुकं होतं. फुलं उरली होती चार. शिंजीरने आठांच्या चार जोड्या केल्या आणि दर वेळी चोच ओढ्यात धुतली. पहिली जोडी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या जोडीत बगळोबा होता. त्याचं फूल निळं राहिलं तरी तो उडाला नाही, "बघून जातो" म्हणून तिथेच थांबला. चौथी जोडी बुलबुलबाई आणि टिटवीची. नववं फूल लावलं आणि ते लख्ख गुलाबी झालं.

दोघींपैकी कोणीतरी एक, किंवा दोघीही. टिटवी लगेच म्हणाली, "हीच ती. मी हिला खाकरताना स्वतः पकडलंय." बुलबुलबाईने मान खाली घातली. तिलाही तसंच वाटत होतं. इतके दिवस आपण आजारी आहोत असं सगळे म्हणत असले की माणसाचं काय, पाखराचंही तसंच होतं.

फूल उरलं नव्हतं. ऊन उतरलं होतं. पलीकडून हाक आली, "अगं, मधल्याला चीर पडली."

शिंजीर तडक राजाच्या आसनाकडे निघाली. राजाचं संध्याकाळचं फूल वेलीवर एकटंच डोलत होतं. ते मागायचं कसं, याची वाक्यं ती वाटेत जुळवत होती, पण तिथे पोचली तर मोराचं आसन रिकामं. परतलेल्या गवयांनी नांद्रुकावर बैठक मांडली होती. आधी बराच वेळ खाकरणं झालं, टिटवी नव्हती ना. मग दयाळाने सूर लावला, कोकीळ त्यात मिसळला, आणि महिनाभर गिळून ठेवलेलं गाणं झाडाच्या पानापानातून वाहायला लागलं. राज्याचा राजा पिसारा फुलवून, डोळे मिटून, धुळीत नाचत होता. काय नाचत होता म्हणून सांगू. पाहणाऱ्याचं मन भरावं असं.

"महाराज, संध्याकाळचं फूल," शिंजीर म्हणाली.

"घे, घे," मोर गिरकी घेत म्हणाला. "सकाळी निळं होतं. आता मला नाचू दे."

दहावं फूल घेऊन शिंजीर बाभळीवर आली. एक फूल आणि दोन घसे. टिटवीने चोच पुढे केली. आधी आपलाच सोक्षमोक्ष व्हावा, असं तिचं म्हणणं होतं. शिंजीरने तिच्याकडे पाहिलंही नाही. "जिच्या घरी टकटक चाललीय तिचा आधी," ती म्हणाली आणि बुलबुलबाईला आ करायला सांगितलं.

चोच फुलाला लागली. बगळोबाने मान लांब केली. फूल निळं होतं. थोडा वेळ गेला, तरी निळंच. ओढ्यापलीकडच्या आभाळापेक्षाही निळं.

बुलबुलबाई रडली, हसली, आणि उडाली. ती जाळीत शिरली तेव्हा मधलं पिल्लू अर्धं बाहेर आलं होतं. नवरा म्हणाला, "बस तू. मी अळ्या आणतो." आणि तो गेलासुद्धा.

बाभळीवर टिटवी गुलाबी फुलाकडे बघत होती. दोघींपैकी एक निळी निघाली, म्हणजे दुसरी कोण, हे कळायला गणित लागत नव्हतं. ती हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "पण मी एकदाही खोकले नाही."

"नाही ना," शिंजीर म्हणाली.

"आणि रोज पहाटे मी..." टिटवीने वाक्य पुरं केलं नाही. नांद्रुकाची प्रत्येक फांदी तिला आठवली असावी.

तिला कोणी शिव्या दिल्या नाहीत. खरं तर द्यायच्या होत्या, कावळ्यांनी तयारीही केली होती. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी बुलबुलबाई चोचीत पिकलेलं करवंद घेऊन बाभळीवर गेली, एका पंखाच्या अंतरावर ते ठेवलं आणि म्हणाली, "खा. तिन्ही फुटली. धाकटीचा आवाज अगदी तुमच्यावर गेलाय." टिटवीला हसावं की रडावं कळेना. तिने करवंद खाल्लं. त्यानंतर रोज कोणी ना कोणी काहीतरी आणून ठेवू लागलं, आणि बाभळीवर जाण्याची भीती जी गेली ती गेलीच. नवा बहर आला तेव्हा फांदीफांदीवर द्रोण फिरले. खोकला गिळणारे आपणहून थेंब देऊ लागले. काही फुलं गुलाबी झाली, ती पाखरं गुमान बाभळीवर गेली, करवंदं खाऊन गुबगुबीत होऊन परत आली.

टिटवीची पाळी शेवटी आली. पहाटे शिंजीर बाभळीवर उतरली, तेव्हा कोणी सांगण्याआधीच टिटवीने आ केला होता. पलीकडे जाळीत तीन पिल्लांनीही आपापल्या चोची उघडल्या होत्या, पण ती भुकेने. फूल निळं राहिलं.

टिटवी ओढा ओलांडून आली आणि नांद्रुकाच्या खालच्या फांदीवर बसली. अजून उजाडलं नव्हतं. सगळं झाड तिच्याकडे बघत होतं, कोणी सूर लावेना. टिटवीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मान ताठ केली आणि आपल्या त्या जगप्रसिद्ध आवाजात भलंमोठं खाकरली.

आणि तिच्यामागून अख्ख्या झाडाने घसा साफ केला.