ससुलीच्या वीस रेघा

डोंगरापलीकडच्या जंगलात, नदीकाठच्या करवंदीच्या जाळीत एक ससुली एकटीच राहत असे. एकटी, कारण तिची आई एके दिवशी चरायला गेली ती परत आलीच नाही. सुरुवातीला डोळे मिटले की ससुलीला आईचा चेहरा लख्ख दिसे. पावसाळा सरला, थंडी आली आणि तो चेहरा हळूहळू पुसट होऊ लागला. ससुली फार घाबरली. आई पुरती विसरण्याआधी तिचे चित्र काढून पाहायचे, असे तिने मनाशी ठरवले. पण चित्र काढायला हात वळावा लागतो, आणि तिला तर साधी रेघसुद्धा येत नव्हती.

त्या नदीच्या ओल्या वाळूवर बगळा चित्रकलेची शाळा चालवत असे. त्याची शिस्त मोठी कडक. आधी वीस उभ्या रेघा, त्या साधल्या की वीस गोल, आणि मगच चित्र. ससुली रोज सकाळी काडी घेऊन बसे आणि मान मोडेपर्यंत रेघा ओढे. मग बगळा एका पायावर उभा राहून त्या न्याहाळी आणि "ही वाकडी, ही तोकडी, ही थरथरली," असे म्हणत एकेक रेघ पंखाने पुसून टाकी. बगळा दुष्ट नव्हता हं मुलांनो. सकाळचे मासे सोडून तो शिकवायला येत असे. पण कौतुक केले की पोरे शेफारतात, हे त्याच्या डोक्यात पक्के बसले होते. त्यामुळे चांगल्या रेघेबद्दल तो अवाक्षर काढत नसे. शेवटी वाळूवर एखादी रेघ उरे. ती चांगली म्हणून उरली की गुरुजी पुसायला विसरले, हे बिचाऱ्या ससुलीला कधीच कळत नसे.

गुरुजींच्या तोंडून एक तरी बरा शब्द ऐकायला ती आसुसली होती. तो काही आला नाही. उलट, काडी वाळूला टेकवण्याआधीच तिचा पंजा कापू लागला. एके सकाळी तर आईच्या मिशा कशा होत्या हेच तिला काही केल्या आठवेना. तिचे अवसान गळाले. वीस रेघा कशाबशा ओढून तिने काडी फेकून दिली आणि गुरुजी येण्याआधीच ती घरी निघाली.

काठावर एक म्हातारे कासव उन्हात पडलेले असे. महिनाभर ते हा सगळा प्रकार पाहत होते आणि आपण मध्ये बोलावे की नाही याचा विचार करत होते. शेवटी कासवच ते, त्याला घाई कसली! पण आज पोर रडत निघालेली पाहून त्याने हाक मारली. मग वीसही रेघांच्या कडेकडेने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले आणि एका रेघेपाशी त्याने पांढरा खडा ठेवला.

"ही बघ, आठवी," कासव म्हणाले. "हिच्या वेळी तुझा पंजा जराही कापला नाही. काय केलं होतंस तेव्हा?"

ससुलीने आठवून पाहिले. "तेव्हा गुरुजी काय म्हणतील ते माझ्या मनात नव्हतं, आजोबा. मला आईची आठवण येत होती."

"मग उद्या तशीच ओढ. आणि काडी इतकी आवळू नकोस, थोडी सैल धर."

दुसऱ्या दिवशी तीन रेघांना खडे मिळाले, आठवड्याने नऊ रेघांना. पुढे गोल सुरू झाले. ते आधी वांग्यासारखे येत, पण एका वांग्याची दोन्ही टोके नीट जुळली आहेत, हे कासवाने तिला दाखवून दिले. बगळ्याने ते खडे पाहिले, नाक मुरडले, पण पुसायच्या रेघा रोज कमी होत आहेत हे त्याच्याही ध्यानात आले.

एके दिवशी ससुलीने वाळू सारखी केली आणि आईला काढायला घेतले. चित्र झाल्यावर बगळा जवळ आला. मान तिरकी करून म्हणाला, "तुझी रेघ आता इतकी सरळ येते. मग हा डावा कान मध्येच का मोडलास?"

पूर्वी ससुली कोमेजून गेली असती. आज ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, आईचा कान तसाच होता. मी विसरले होते. काढता काढता आठवलं."

बगळ्याने वाकून तो कान पुन्हा एकदा न्याहाळला. मग हळूच म्हणाला, "मग अगदी बरोबर काढलायस, पोरी."

ज्या शब्दासाठी ती इतके दिवस झुरली, तो शब्द अखेर आला. पण ससुलीचे तिकडे लक्षच नव्हते. ती आईच्या चेहऱ्याला अंग लावून वाळूत बसली होती, आणि ऊन उतरेपर्यंत ती तिथून उठली नाही.

तात्पर्य : नवख्याच्या एकोणीस चुका कुणालाही दिसतात, पण त्याची एकच बरोबर आलेली रेघ जो शोधून दाखवतो, तोच त्याला पुढे नेतो.