सातव्या सर्व्हरवरची सामसूम

एका संशोधन संस्थेत एकदा एक नवविवाहिता शिकाऊ म्हणून रुजू झाली. तिथे बारा सर्व्हर एकत्र काम करीत आणि सर्वांचे मिळून एकच भांडार होते. प्रत्येक सर्व्हरवर एक रिकामे फोल्डर असे. त्यावर हे भांडार माउंट करायचे, म्हणजे जोडायचे. मग कुणी कुठूनही लिहिलेले सगळ्यांना दिसे.

तिला सातवा सर्व्हर मिळाला. तीन आठवडे ती विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी तपासत होती. फोल्डरात तिच्या फायलींखेरीज काहीच नसे. नव्या माणसाला असेच बाजूला बसवत असतील, असे तिला वाटले. शहर नवे, सासर नवे. सामसुमीचे तिला नवल उरले नव्हते.

एके सकाळी सर्व्हर पुन्हा सुरू केला गेला. फोल्डरात सर्वांच्या फायली होत्या, तिची एकही नव्हती. दुपारी अहवाल द्यायचा होता.

"तुमचं तर आम्हाला कधीच काही दिसलं नाही हो," शेजारचा सहकारी म्हणाला. "टायपिंगचा आवाज मात्र छान यायचा."

ती यंत्रणा सांभाळणाऱ्या वृद्ध गुरूंकडे गेली. त्यांनी सातव्या सर्व्हरवरचे काम थांबवले आणि भांडारच तिथून सोडवले.

"सर, होतं तेही घालवलंत."

"आता फोल्डर उघडून बघ."

तिच्या साऱ्या फायली जागच्या जागी होत्या.

"वर भांडार जोडलं की खालचं पुसलं जात नाही, झाकलं जातं," गुरू म्हणाले. "तू आलीस तेव्हा इथे ते जोडलेलंच नव्हतं; आज सर्व्हर पुन्हा सुरू होताना आपोआप जोडलं गेलं. मी पाहायला हवं होतं. पण तू विचारलं का नाहीस?"

"वाटलं, इथली रीतच असेल."

"आणि तुझं काही का दिसत नाही, असं कुणी तुला विचारलं?"

"नाही."

गुरूंनी फायली बाजूला काढल्या, भांडार जोडले आणि त्या त्यात ठेवल्या. "आता बाराही ठिकाणी, भांडार नसताना, रिकाम्या फोल्डरात लिहिताच येणार नाही असं करतो. पहिलंच अक्षर अडेल. अडलं की माणूस हाक मारतो. तुझं सगळं सुरळीत चाललं, म्हणून तर एकटी राहिलीस."

अहवाल वेळेत गेला.

नवे माणूस कुरकुरत नाही, एवढ्यावरून ते जोडले गेले आहे असे समजू नये.