शेजाऱ्याच्या हातचा दोर

पावणे, यातला एक शब्द जरी खरा मानलात तर तुम्ही शाणे नाय. पण आता बघितलंत ना? नांगर टाकला होडीवाल्यानं आणि नांगराचा दोर पाण्यात सोडायला आला शेजारी. आपल्या होडीचा दोर आपण सोडायचा नाय, ही आमच्या खाडीची रीत. आणि तो काळा खडक, पालथ्या होडीसारखा, त्याला पोशाची पाठ म्हणतात.

हा पोशा नाखवा लय संशयी होता म्हणे. कालवणात मीठ जास्त पडलं तरी बायकोला विचारायचा, कोणी शिकवलं? पोटाला एकच होडी. सांजेला ती किनाऱ्याजवळ नांगरायचा, आणि सकाळी बघावं तर चार वाव लांब सरकलेली. बाजूला लखमाची होडी, ती जागच्या जागी. मंग सरकवणारा दुसरा कोण?

लखमा सांगायचा, "पोशादा, दोर आखूड पडतो तुजा. भरतीला पाणी चढलं का नांगर उभा राहतो, चिखल सोडतो. लांब सोड, आडवा पडून दात रोवंल."

"लांब सोडू, म्हंजे होडी तुज्या हाताशी येईल. होय ना?"

"तुजी होडी घेऊन काय करू? माजीच गळते."

"म्हणूनच."

जेवढा सल्ला, तेवढा पोशा दोर आखडायचा. शेवटी खारदेवीपुढं नारळ ठेवून बोलला, "आई, लखमा चोर असंल तर त्याची होडी घे. मी खोटा असंन तर माजी घे." लखमानंही नारळाला हात लावला.

त्याच सांजेला वारा फिरला, उधाण आलं. सकाळी लखमाची होडी डुलत होती आणि पोशाची खाडीच्या तोंडाशी पालथी. लोक पोचेपर्यंत तिचा दगड झाला, असं सांगतात. नांगर दोरासकट बाजूला लोंबत होता. पोशानं गाठ तीनदा तपासली. त्याचीच होती, सुटलेली नव्हती.

घरात चूल पेटंना. लखमा आला, बोलला, "चल माज्या होडीवर. अर्धा वाटा." यात काय डाव असंल, पोशाला वाटलं. पण पोट डाव बघत नाय. गेला. सांजेला लखमानं नांगर टाकला आणि दोर पोशाच्या हातात दिला. "तू सोड. तुजं मन भरंल तेवढा." आणि पाठ फिरवून जाळं आवरत बसला.

पोशा उभाच. आखूड सोडला तर लखमाचीही होडी दगड, आणि कोणाला कळणार नाय. हे मनात आलं, म्हणे, आणि आलंय हे त्याचं त्यालाच दिसलं. जन्मभर दुसऱ्यावर ठेवलेली नजर पहिल्यांदा आपल्याच हातावर गेली. मंग त्यानं दोर टोकापर्यंत सोडला आणि किनाऱ्यावर जाऊन उजाडेपर्यंत स्वतःवर पहारा देत बसला.

आजही दोर शेजारीच सोडतो, आणि होडीवाला पाठ फिरवून बसतो. मागं बघितलं तर देवी कोपते. डोळा मात्र सगळ्यांचा तिरका असतो, मी बघितलंय. खडकाला हात लावा, फळ्यांच्या सांधी लागतात. माजा नवरा बोलायचा, त्या चिकटलेल्या कालवांच्या, शिंपल्यांच्या रेघा हायत. तो लखमाच्या वंशातला, त्याचं काय ऐकायचं. निघा आता. माजी मासळी वाळायची हाय, आणि तुमची नजर कधीची तिच्यावरच हाय.